खाडीत न सापडलेली गाभोळी

कोळंबीच्या पाठीत काय दिसतं ते पाहून वहीत लिहायचं, ही माझी पहिली नोकरी. पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सरकारच्या मासे खात्याने पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली भाड्याने घेतली होती. खोलीत एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, फॉर्मालिनच्या बाटल्या आणि मी. साहेब मुंबईला बसायचे, पंधरा दिवसांतून एकदा यायचे.

मी गव्हाणजवळच्या एका मिठागरवाल्या गावातला. मॅट्रिक होऊन कॉलेजात दोन वर्षं काढली होती, म्हणून ही जागा मिळाली. काम सोपं होतं. दर अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या खाडीतली कोळंबी आणायची, नर आणि मादी वेगळे करायचे, लांबी मोजायची आणि मादीचं अंडाशय, आमच्या भाषेत गाभोळी, बघायचं. पुष्कळांना वाटतं की कोळंबीची अंडी पोटाखाली असतात. तशी ती बारक्या करंदीला असतात, पायांना चिकटलेली. मोठ्या कोळंबीचं तसं नाही. तिचं अंडाशय पाठीत असतं, कवचाखालून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक पट्टी. कच्चं असताना ते पाण्यासारखं पारदर्शक असतं, मग पिवळट होतं, मग हिरवं. पूर्ण पिकलं की गडद शेवाळी होतं आणि इतकं रुंद, की कवच न काढताही दिसावं. साहेबांनी त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. कोणत्या महिन्यात किती माद्या चौथ्या पायरीला पोचतात ते कळलं, की कोळंबीच्या विणीचा हंगाम कळणार होता.

आठ महिने मी लिहीत होतो आणि वहीत सगळीकडे ‘पहिली’ असंच होतं. क्वचित कुठे ‘दुसरी’. तिसरी नाही, चौथी तर नाहीच. पावसाळ्यात नाही, दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही. मला आधी त्याचं काही वाटलं नाही. नंतर नंतर मात्र टेबलाशी बसलं की पाय हलायला लागायचे. चार माद्या बघितल्या की उठून दारापर्यंत जायचं, बंदराकडे बघायचं, परत येऊन बसायचं. आपण काहीतरी चुकतोय आणि काय चुकतोय ते कळत नाही, असं दिवसभर वाटत राहायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा साहेब एकदा न कळवता आले. हातात वडाच्या पानात बांधलेला कोळंबीचा वाटा होता, पनवेलच्या बाजारातून वाटेत घेतलेला. बूटही न काढता ते टेबलाशी बसले, चिमट्याने एक मादी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“हे काय आहे?”

पाठीतून शेपटीपर्यंत गडद हिरवी पट्टी गेली होती.

“चौथी पायरी, साहेब.”

“मी वाट्यातल्या सहा बघितल्या. त्यातल्या तीन अशा आहेत. खाडीचीच कोळंबी आहे, मी विचारून घेतली. बाजारातल्या बाईला जे रोज मिळतं ते तुम्हाला आठ महिन्यांत एकदाही मिळू नये?”

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

“एक तर तुम्ही चांगला माल घरी ठेवता आणि बारीक तेवढा इथे आणता,” ते म्हणाले, “नाही तर खाडीवर जातच नाही. घरी बसून वही भरता.”

मग त्यांनी वही ओढली आणि शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलं: ‘नमुने प्रत्यक्ष खाडीतून आणले जातात याची खात्री नाही.’ खाली सही केली आणि म्हणाले, “पुढच्या खेपेला मला खाडीतली पिकलेली मादी दिसली पाहिजे. नाही दिसली तर ही जागा ठेवायची की नाही, हे मला वर कळवावं लागेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कोळंबी कोण धरत होतं हे त्यांना माहीत नव्हतं. माझी आई धरायची. ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरून, हाताने चाचपून. कालवांच्या शिंपल्यांनी तिचे पाय कायम कापलेले असायचे. पण हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरकारी नमुने आई गोळा करते, हाही गुन्हाच झाला असता.

त्याच दिवशी मी गावी गेलो. आई अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि साहेबांनी टेबलावरच सोडलेल्या वाट्यातली एक कोळंबी तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट केली, बोटाने कवच दाबलं.

“ही आपल्या खारीची नाय,” ती म्हणाली. “आपली कालपट असतं, चिखलाच्या रंगाची. ही बघ कशी लाल मारतं. ही दर्याची हाय.”

“पण ती बाई तर खाडीची म्हणाली.”

“कोन बाई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्याबरोबर पनवेलला आली. बाजारात ती स्वतः बसायची तेव्हाची तिची ओळख होती. चौकशी करत साहेबांना वाटा विकणाऱ्या बाईपर्यंत पोचून ती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर हळूच विचारलं, “कुनाच्या होरीची गो ही?”

“खाडीचीच हाय.”

“मना सांगतंस?”

बाई हसायला लागली. “उरनची हाय. खाडीची बोलल्याबिगर गिराईक घेतंय काय? खाडीची गोड लागतं, असं समदीच बोलतान.”

मी तिथल्या तिथे उभा राहून हे ऐकलं, आणि माझा जीव थाऱ्यावर यायच्या ऐवजी आणखीच उडाला. म्हणजे माझी वही खोटी नव्हती. पण मग खाडीतली मादी पिकते कधी? परत येताना वाटेत मी आईला तेच विचारलं. गावाजवळ आल्यावर ती घराकडे न वळता खारीच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या गावालगतच्या चिखलजमिनीच्या, कडेला गेली. भरती चढायला लागली होती. गुडघाभर पाण्यात उतरून तिने पदराचं टोक पाण्यात पसरलं, थोडा वेळ धरलं आणि वर उचललं. ओल्या कापडावर केसाच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. नुसते डोळे तेवढे काळे, बाकी आरपार.

“ही कोलंबीची पिल्ली,” आई म्हणाली. “उधानाच्या पान्याबरोबर दर्यातून आत येतान. हितं चिखलात खातान, वाढतान. बोटाएवरी झाली का परत दर्यात जातान. गाभोली धरतं ती तिकरं. खाडीच्या कोलंबीला गाभोली नसतं. मी लग्न होऊन आलं तवापासून बघतंय.”

“मग आठ महिने मी माद्या चिरतोय, तू सांगितलं का नाहीस?”

“मना वाटलं, सरकारला येगलं कायतरी पायजे असंल.”

मी तिच्यावर रागावलो, आणि रागावलो म्हणून पुन्हा मनातल्या मनात लाजलो. पण साहेबांसमोर ‘माझी आई म्हणते’ असं सांगून भागणार नव्हतं. मला समुद्रावर जायला हवं होतं.

आम्ही खाडीकाठची माणसं. पाण्यात जन्म गेला तरी उघड्या दर्याशी आमचा संबंध नाही. तो कोळ्यांचा. उरणच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात मी तीन दिवस चकरा मारल्या, तेव्हा एक म्हातारा नाखवा, म्हणजे होडीचा मालक, मला न्यायला तयार झाला. आधी तो म्हणाला होता, “माज्या होरीत रिकामा मानूस नको.” मी दोर ओढीन म्हटल्यावर त्याने माझे हात बघितले आणि तो हसला. “बरं, या मास्तर.”

आयुष्यात मी इतका आजारी कधी पडलो नव्हतो. किनारा दिसेनासा झाला आणि होडी आडवी हलायला लागली तशी माझ्या पोटात काही उरलं नाही. डोल वर घेताना मी दोराला हात लावला तो ओढण्यासाठी की धरून उभं राहण्यासाठी, हे मलाच ठाऊक. डोल म्हणजे प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ते होडीत रिकामं झालं आणि बोंबील, जवळा, खेकडे यांच्या ढिगात मी कोळंबी शोधायला बसलो.

पहिलीच मादी उचलली आणि माझं ओकणं थांबलं. हिरवी पट्टी. दुसरी, तीही. मी एकेक करून उजेडात धरत होतो आणि वेड्यासारखा मोजत होतो. नाखव्याने मला विचारलं, “काय गावला, सोना?”

“गाभोळी,” मी म्हटलं.

“त्याच्यासाठी एवरा ओकलास?”

काही माद्या मी फॉर्मालिनमध्ये घातल्या. पाच जिवंत होत्या. त्या मी घरून आणलेल्या तांब्याच्या कळशीत समुद्राचं पाणी भरून सोडल्या. मला त्या जिवंत का हव्या होत्या? वहीसाठी बाटलीतल्या पुरेशा होत्या. पण इतके महिने जे बघायला मिळालं नव्हतं ते मला मेलेलं नको होतं. एस.टी.च्या टपावर कळशी बांधून, मधल्या प्रत्येक थांब्यावर वर चढून बघत मी पनवेलला पोचलो, तेव्हा पाचही माद्या आडव्या झाल्या होत्या.

त्या आठवड्यात साहेब आले. बाटली बघून थोडे नरमले, पण म्हणाले, “समुद्रात मादी पिकते हे ठीक. म्हणून ती अंडी तिथेच घालते असं नाही. पिकून ती अंडी घालायला खाडीत येत असेल.”

“मग खाडीत एखादी तरी सापडली असती, साहेब.”

“तुम्हाला सापडली नाही, एवढंच सिद्ध होतं.”

लाल शाईची ओळ तशीच राहिली. रात्री अंथरुणावर पडलो की डोक्यात तेच. तांब्याची कळशी मी घरी नेऊन दिली होती. आईने ती घासायला घेतली आणि आतून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला हिरवट कळंक लागला होता.

“हिच्यात आणलंस? खारं पानी तांब्यात?” ती म्हणाली. “अरे, आंबट कालवन पन आपुन तांब्यात ठेवत नाय. मानसाला बाधतं, त्या एवऱ्याशा जिवाचं काय?”

पुढच्या उधाणाला मी मातीचं मडकं घेऊन गेलो. चांगलं तीन दिवस पाण्यात भिजवून ठेवलेलं. नाखव्याने मला बघून कपाळावर हात मारला, पण या वेळी त्याने स्वतः जाळ्यातून दोन माद्या अलगद काढून दिल्या, बाकीचा ढीग अंगावर पडायच्या आत. एस.टी.च्या कंडक्टरने मडक्यात काय आहे म्हणून अडवलं. मी सरकारी काम आहे म्हटलं.

“सरकारी काम मडक्यात?”

“वास नाही येणार. जिवंत आहेत.”

“जिवंत आहेत म्हणूनच नको म्हणतो,” तो म्हणाला. शेवटी मी मडकं मांडीवर घेईन, कुणाच्या पायाशी ठेवणार नाही, या बोलीवर त्याने बसू दिलं. जासई ओलांडेपर्यंत माझी पँट मांड्यांपर्यंत भिजली होती. एक मादी वाटेतच मेली. दुसरी पोचली.

खोलीवर मी तिला काचेच्या मोठ्या बरणीत सोडलं, बरणीला ओलं फडकं गुंडाळलं आणि डावाने पाणी उचलून वरून सोडत राहिलो. पाण्यात हवा जावी म्हणून दुसरा उपाय नव्हता. ती तळाशी शांत होती, मी मात्र नव्हतो. खोलीत इकडून तिकडे चार पावलं होती, ती मी किती वेळा चाललो असेन कोण जाणे. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने येऊन विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. कधीतरी मी भिंतीला टेकलो आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. आधी मला वाटलं, पाणी खराब झालं. कडेला काचेवर गुलाबीसर मेणचट फेस लागला होता. मादी जिवंत होती, पण तिच्या पाठीतली हिरवी पट्टी गेली होती. पाठ रिकामी, आरपार दिसणारी. बरणीच्या तळाला अगदी बारीक पिठासारखं काहीतरी बसलं होतं.

काचेच्या नळीने थेंबभर उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. गोल गोल अंडी, आणि काहींच्या आत काहीतरी हललं. मी डोळा काढला, चोळला, परत लावला. पुन्हा हललं.

बरणीत नर नव्हता. मला ते आधी कळेना. मग साहेबांच्या पुस्तकातलं आठवलं. मादी कात टाकून मऊ झालेली असते तेव्हा नर तिला बीजाची पुडी देऊन जातो. पायांच्या मध्ये तिला एक खिसा असतो, त्यात ती पुडी सांभाळून ठेवते. अंडी सोडायची वेळ आली की त्यातूनच ती फळतात. मी तिला मडक्यातून आणली तेव्हा तिच्याबरोबर सगळंच आलं होतं.

मला कुणाला तरी हाक मारायची होती. साहेब मुंबईत. तार करून ते येईपर्यंत काय उरणार होतं? मी गिरणीवाल्याला बोलावलं. त्याने हात झटकून डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “काय ते कळलं नाही, पण जिवंत आहे.”

तेवढ्यात साहेबांची शंका आठवली, की मादी अंडी घालायला खाडीत येत असेल. मी बंदराच्या वर, नदीचं पाणी मिसळतं तिथे धावत गेलो आणि ओहोटीचं पाणी भरून आणलं. निम्मी अंडी नळीने उचलून त्यात घातली. निम्मी समुद्राच्या पाण्यात ठेवली. दिवस कलेपर्यंत मी या बरणीकडून त्या बरणीकडे जात होतो. पाच मिनिटं खुर्चीवर बसवेना. दुपारचं जेवण विसरलो. खाडीच्या पाण्यातली अंडी आधी फुगली, मग पांढरी पडली. समुद्राच्या पाण्यात संध्याकाळच्या सुमारास पहिलं पिल्लू सुटलं. कोळंबीचं म्हणून काही त्याच्यात नव्हतं. एक ठिपका, मध्ये एकच डोळा, आणि तीन जोड्या केसाळ पाय. ते झटके देत पोहत होतं. रात्री कंदील बरणीजवळ आणला तशी तोवर सुटलेल्या पिल्लांची ती सगळी धूळ उजेडाच्या बाजूला गोळा झाली.

मी चित्रं काढली. मला चित्रकला येत नव्हती. दर दोन तासांनी थोडी पिल्लं फॉर्मालिनमध्ये घालत होतो आणि चिठ्ठीवर वेळ लिहीत होतो. घालताना हात थांबायचा. दोन दिवसांत त्यांनी रूप पालटलं, अंग लांबलं. त्यांना आता खायला हवं असणार हे कळत होतं, पण काय हवं ते माहीत नव्हतं. मी भाताच्या पेजेचा थेंब टाकून बघितला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात काही हलत नव्हतं. मादी त्याच्या आदल्या दिवशी मेली होती. मी दोन्ही बरण्या धुतल्या आणि दाराबाहेर पायरीवर बसलो. रडू आलं. का आलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

साहेब आले. त्यांनी एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली, माझी वाकडी चित्रं शेजारी ठेवून ताडून बघितली. यात दोन तास गेले. मग म्हणाले, “एका मादीवरून काही ठरत नाही. पुन्हा करावं लागेल. अनेकदा करावं लागेल.”

“हो, साहेब.”

“पण हे तुम्ही केलंत, आणि मी तुम्हाला जे म्हटलं ते चुकीचं होतं.” त्यांनी वही मागितली, लाल ओळीवर रेघ मारली आणि खाली सही केली. “हे आधी कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणजे, समुद्रातच बघायचं हे कसं सुचलं?”

मी म्हटलं, “माझ्या आईला माहीत होतं. आठ महिने कोळंबीही तीच धरत होती.”

साहेबांनी तिला भेटायची इच्छा दाखवली. ते आमच्या गावी आलेही. आईने त्यांना खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यात बसली, आणि कोणत्या महिन्याच्या उधाणाला पिल्लं जास्त येतात, कधी येत नाहीत, पहिल्या मोठ्या पावसात खाडी गोडी झाली की वाढलेली कोळंबी कशी एका लोंढ्यात बाहेर जाते, हे सगळं सांगितलं. साहेब लिहून घेत होते. एवढं बोलून तिला दम लागल्यासारखा झाला. इतका वेळ तिचं कुणी ऐकलं नसावं.

हे असं झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच महिन्यात आमच्या गावात बांधाचं ठरत होतं.

खारीच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, समुद्राचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि दोनतीन पावसाळ्यांत जमीन धुतली गेली की तिथे भात लावायचं. गावाचं हे जुनं स्वप्न होतं. बांधाला लाकडी फळ्यांची एक उघाडी ठेवतात. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला त्यातून बाहेर जातं, आणि भरतीला फळ्या बंद होतात. गावाने या कामावर पुढे केलेला माणूस म्हणजे माझे वडील. मिठागरावर मजुरी करून त्यांच्या पायांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. स्वतःचं भात, हे शब्द ते असे उच्चारायचे की ऐकणारा गप्प व्हावा.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बांध आपल्या खात्याचा विषय नाही. तुमच्या आईचं म्हणणं मी अहवालात घालीन.” मला ठाऊक होतं की अहवाल पोचेपर्यंत बांध उभा राहिलेला असेल.

म्हणून एका सकाळी, वडील न्याहारीला बसले असताना मीच बोललो. पिल्लं दर्यातून येतात, खारीत वाढतात, तोंड बुजवलं तर आतली कोळंबी संपली, हे सांगितलं.

“किती संपंल?” त्यांनी विचारलं.

“आत एकही येणार नाही.”

“आनि भात किती व्हईल, ते शिकिवलं का तुज्या साळंत?”

“आईचं काय? तिची कोळंबी त्याच खारीतली.”

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. “तुज्या आयचं पाय बघितलंस? मना ते बघवत नाय म्हनून बांध पायजे. तू कोलंबीचं बोलतंस.”

मी आईकडे बघितलं. ती चुलीशी होती, पाठमोरी. तिने वळून दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही.

बरंच बोलणं झाल्यावर वडील एका गोष्टीला कबूल झाले. भात कापून झाल्यापासून पेरणीच्या आधीपर्यंत, उधाणाच्या चार दिवसांत, खालच्या पाणथळ तुकड्यापुरत्या उघाडीच्या फळ्या उचलायच्या. तिथे नाही तरी भात होणार नव्हतं. उन्हाळ्यात बांध पुरा झाला. तिसऱ्या वर्षी आमच्या घरात आमच्या खारीचा तांदूळ शिजला, लालसर आणि जाड. वडिलांनी पहिल्या भातावर मीठही घेतलं नाही. “खारटच हाय थोरा,” म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

भात कापून झाल्यावर उधाण आलं की ते स्वतः जाऊन फळ्या उचलायचे. त्या पहिल्या भातानंतरचे दोन उन्हाळे त्यांनी हे न चुकता केलं. पहिल्या वर्षी खालच्या तुकड्यात आईला टोपलीभर कोळंबी मिळाली. दुसऱ्या वर्षी मात्र एका मोठ्या उधाणाला पाणी अंदाजापेक्षा वर चढलं, मधला बारीक बांध फुटला आणि शेजाऱ्याच्या दोन तुकड्यांत खारं पाणी शिरलं. पुढच्या पावसाळ्यात तिथली लावणी पिवळी पडून गेली. शेजारी आमच्या अंगणात येऊन वडिलांना बोलला, आणि जे बोलला त्यात एक शब्दही खोटा नव्हता. गाव जमलं. वडील हात जोडून उभे राहिले. मी मध्ये बोलायला गेलो, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिळे आणि हातोडा घेतला. मीही बरोबर गेलो. भरतीची वेळ होती, फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी चढत होतं. वाकून बघितलं तर फळ्यांना लागून पाणी नुसतं थरथरत होतं. पिल्लं. आत यायला वाट शोधत होती. वडिलांनीही बघितली. मग आतलं पावसाचं पाणी बाहेर जाण्यापुरती, भरतीला आपोआप मिटणारी खालची झडप तेवढी मोकळी ठेवून त्यांनी वरच्या फळ्या ठोकून टाकल्या. एकही खिळा वाकडा गेला नाही.

घरी येऊन ते जेवायला बसेनात. आईने ताट वाढून समोर ठेवलं.

“जेव,” ती म्हणाली. “आपल्याच खारीचा भात हाय.”

ते जेवले. ती त्यानंतर बांधाच्या बाहेर, खाडीच्या मोठ्या पात्राकडे जाऊ लागली. वाट दुप्पट होती, चिखल खोल. दोन वर्षांनी गुडघे दुखतात म्हणून तिने ते सोडलं आणि उरणच्या होड्यांची कोळंबी घेऊन पनवेलच्या बाजारात पुन्हा बसायला लागली. तोवर माझी बदली झाली होती. दुसऱ्या किनाऱ्यावर, दुसऱ्या खोलीत, दुसरी वही. सुट्टीला आलो की मी बाजारात तिच्या शेजारी जाऊन बसायचो. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, खाडीची आहे का. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “नाय बाय, दर्याची हाय.” बाई पुढच्या टोपलीकडे गेली.